विज्ञान असल्याचं सांगण्यात आलं आहे

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे, शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.)



विषय ऐकून मागच्या रांगेतले काही जण हसले. मी पाह्यलं. अमेरिकेतल्या आया पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवतात, आणि त्या पोरांसाठी विज्ञानाचं पुस्तक निवडताना हाताशी बायबल घेऊन बसतात. आपल्याला काय त्याचं? आपल्या वस्तीत पोरगं शाळेतून काढलं की ते चहाच्या टपरीवर लागतं. तिकडं काढलं की ते किचनच्या टेबलाशी बसतं आणि आई त्याला बेरीज शिकवते. शाळेबाहेरची दोन्ही पोरं, पण मधे सात समुद्र. कबूल. तरी ऐका.

आपल्याच चाळीतली एक ताई लग्न होऊन टेक्सासला गेली. तिची पोरगी आठ वर्षांची. शाळेत पोरीच्या रंगावरून, नावावरून काय काय झालं ते ती सविस्तर सांगत नाही, पण पोरीला तिनं शाळेतून काढलं. आसपासच्या पाचसहा घरांतल्या आया आठवड्यातून दोनदा एकत्र बसून सगळ्यांची पोरं शिकवतात, त्यात ही सामील झाली. त्या घोळक्यात विज्ञानाचं जे पुस्तक चालतं ते ख्रिस्ती प्रकाशनाचं आहे. ताईनं मला दोन प्रश्न लिहून पाठवले. पहिला, हे पुस्तक घेऊ का? दुसरा, आपल्या धम्मावर आधारलेलं लहान मुलांचं विज्ञानाचं पुस्तक असेल तर पाठव.

मलाच का विचारलं? कारण मी कविता करतो, आणि कविता करणाऱ्याला सगळं कळतं असा आपल्या लोकांत एक गैरसमज आहे. मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. इंग्रजी माझं डिक्शनरीच्या काठीवर चालणारं. पण प्रश्न पोरीच्या डोक्याचा होता. म्हणून दोन महिने रात्रपाळीनंतर वाचलं. त्याचा हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो.

घरी शिकवण्याचं हे खूळ तिकडं सगळं धर्मवाल्यांनी काढलेलं नाही. जॉन होल्ट म्हणून एक मास्तर होता. शाळा पोरांची जिज्ञासा मारते असं त्याचं म्हणणं. त्यानं १९७७ साली शाळेविना वाढणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी एक छोटं नियतकालिक काढलं. मग १९८० नंतर कर्मठ ख्रिस्ती घरं मोठ्या संख्येनं या वाटेला आली. १९८३ साली त्यांची वकिली संघटना निघाली, राज्याराज्यांतून खटले चालले, कायदे बदलले. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायद्यात बसलं. १९९९ साली अशी पोरं साडेआठ लाख होती. २०१६ पर्यंत सतरा लाखांच्या जवळ गेली.

टेक्सासचा कायदा तर वाचण्यासारखा आहे. सरकारदरबारी नोंदणी नाही, परीक्षा नाही. शिकवायचे विषय पाच: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. विज्ञान त्या यादीतच नाही! म्हंजे आईनं विज्ञान शिकवलं काय, न शिकवलं काय, कुणी विचारायला येत नाही. सगळा भार त्या एका पुस्तकावर, आणि पुस्तक निवडणाऱ्या एका बाईच्या अकलेवर. आपल्या ताईवर.

आता पुस्तक बघू. बाजारात मोठी नावं तीनचार. अबेका १९७२ सालची, फ्लोरिडातली. बॉब जोन्स युनिव्हर्सिटीचं प्रकाशन, तेही १९७० च्या दशकातलंच. अपोलोजिया १९९६ ची, तिच्या पुस्तकांच्या नावातच 'क्रिएशन', म्हंजे देवानं केलेली निर्मिती. आणि टेक्सासात १९७० साली निघालेली एसीई. हिच्या एका काळच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात स्कॉटलंडच्या तळ्यातला राक्षस, तो लॉख नेसवाला, खरा आहे असं धरून उत्क्रांतीच्या विरोधात पुरावा म्हणून छापला होता. हसू नका. हे पोरांनी पाठ केलं, त्याचे मार्क मिळवले.

पण सगळीच पुस्तकं अशी बावळट नाहीत, आणि हीच खरी अडचण आहे. छपाई देखणी. पेशींची चित्रं बरोबर. हृदयाचे कप्पे बरोबर. बेडूक कसा कापायचा ते बरोबर. रोज किती पानं, कुठला प्रयोग, शुक्रवारी कुठली चाचणी, सगळं आईला तयार मिळतं. दिवसभर तीन पोरं सांभाळणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? मग तुम्ही म्हणाल, बिघडलं कुठं? बिघडलं ते सुरुवातीच्या पानांत. बॉब जोन्सवाल्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकानं पोरांना आधीच बजावून ठेवलं होतं, त्याचा आशय असा: एखादा निष्कर्ष बायबलच्या विरोधात गेला तर तो निष्कर्ष चूक, मग त्याच्या बाजूनं कितीही पुरावे दिसोत. म्हंजे खटला चालवायच्या आधीच निकाल लिहून ठेवलाय, आता साक्षीदार बोलवा!

आमच्या गोदीत कंटेनर येतो. त्याला सील असतं. कागदावर मालाच्या नावाआधी इंग्रजीत दोनतीन शब्द असतात, त्यांचा मराठीत अर्थ 'आत अमुक माल असल्याचं सांगण्यात आलं आहे'. जहाजवाला पेटी उघडून बघत नाही, म्हणून तो हमीही देत नाही. सांगणाऱ्यानं सांगितलं, आम्ही लिहिलं. आत चिनीमाती आहे की दगड, ते सील तुटल्यावर कळेल. या पुस्तकांच्या कव्हरवर 'विज्ञान' लिहिलंय ते असंच वाचायचं.

कोर्टकचेऱ्या थोडक्यात सांगतो, कारण त्या सगळ्या सरकारी शाळांच्या आहेत, घरापर्यंत कोर्ट येत नाही. १९२५ साली टेनेसीत स्कोप्स नावाच्या मास्तरला उत्क्रांती शिकवली म्हणून शंभर डॉलर दंड झाला. १९८७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सरकारी शाळेत निर्मितीवाद विज्ञानाच्या बरोबरीनं शिकवायची सक्ती करणं म्हंजे धर्म शिकवणं, ते चालणार नाही. मग या लोकांनी काय केलं? त्यांचं एक पुस्तक छापायच्या वाटेवर होतं. त्यातला 'निर्मितीवादी' हा शब्द खोडून 'रचनेचे पुरस्कर्ते' असा शब्द घातला. २००५ साली पेनसिल्वेनियात डोव्हर गावच्या खटल्यात जुने कच्चे खर्डे बाहेर आले, तर एका ठिकाणी अर्धा शब्द जुना आणि अर्धा नवा असा जोडशब्द तसाच राहून गेलेला. लेबल बदलताना जुन्या लेबलाचा तुकडा चिकटून राहिला. शब्दांची ही अदलाबदल न्यायाधीशानं निकालात नोंदवली.

आता ताईला मुद्दाम सविस्तर लिहिलं ते सांगतो, कारण तिथं पुस्तकाचा आणि आपल्या पाठीच्या वळांचा संबंध येतो.

१९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं काळ्या आणि गोऱ्या पोरांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं काय केलं? १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं. पोरं एकत्र बसवायची असतील तर शाळाच नको! गोऱ्यांनी आपल्या पोरांसाठी खाजगी शाळा काढली. काळी पोरं १९६४ पर्यंत पाच वर्षं शाळेविना राहिली. चर्चच्या तळघरांतून, घराघरांतून काळ्या आयाबापांनी जमेल तसं शिकवलं. घरी शिकवणं हा शब्द मी ऐकतो तेव्हा मला ती तळघरं आधी दिसतात. चवदार तळ्याचं पाणी 'शुद्ध' करून घेणारे आणि शाळेला कुलूप ठोकणारे सख्खे भाऊ आहेत, फक्त जानव्याचा फरक.

त्या दशकांत दक्षिणेत अशा खाजगी गोऱ्या शाळा उगवल्या, त्यांतल्या बऱ्याच ख्रिस्ती नावाच्या. आणि ज्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीचं पुस्तक घरोघर जातं, तिनं १९७१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना दारात उभं केलं नाही. नंतर घेतलं तेव्हा नियम केला: काळ्या-गोऱ्यांनी एकमेकांत प्रेम करायचं नाही, लग्न करायचं नाही. कारण काय, तर देवाची तशी इच्छा. १९८३ साली सुप्रीम कोर्टानं या कारणावरून तिची करमाफी काढणं वैध ठरवलं तरी नियम तसाच. तो सुटला २००० साली. २००८ साली तिनं जाहीर माफी मागितली. रोटीबेटीबंदी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

नोहाचा प्रलय या पुस्तकांत विज्ञान म्हणून येतो. पृथ्वी सहा हजार वर्षांची, आणि साधारण ४,३०० वर्षांपूर्वी वर्षभराच्या एका प्रलयात सगळे खडकांचे थर बसले. बरं. पण बायबलात प्रलयाच्या पाठोपाठ, नवव्या अध्यायात, नोहा आपल्या नातवाला, हामच्या पोराला शाप देतो की तू भावांचा गुलाम होशील. दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांनी आफ्रिकी माणसाला हामचा वंशज ठरवून हाच शाप त्याच्या गळ्यात बांधला. पुरुषाच्या पायातून शूद्र जन्मला म्हणणारे आणि हे, एकाच शाळेतले. माझं म्हणणं असं नाही की आज अबेकाचं पुस्तक घेणारी प्रत्येक आई गोरी वर्चस्ववादी आहे. तसं मी म्हणणार नाही, खोटं ठरेल. माझं म्हणणं एवढंच, की 'पुस्तकात लिहिलंय म्हणून खरं' ही सवय एकदा पोरीला लागली की पुढच्या पानावर तिच्यासाठी काय लिहिलंय ते तिच्या हातात राहत नाही.

आता उलटी बाजू, नायतर तुम्ही म्हणाल हा फक्त पाद्र्यांना झोडतो. त्या १९२५ च्या खटल्यात मास्तर स्कोप्सनं जे पुस्तक वापरलं, हंटरचं 'सिव्हिक बायॉलॉजी', १९१४ सालचं, त्यात उत्क्रांती होती. आणि त्याच पुस्तकात माणसांचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सगळ्यात वर बसवलं होतं. गरीब, 'कमअस्सल' घराण्यांची पैदास रोखावी हा सुप्रजननाचा धडाही होता. म्हंजे ज्याला आपण आपल्या बाजूचं म्हणणार, त्या पुस्तकातही आपल्या मानेवर पाय होताच. इकडं आपल्या देशात रिस्ले साहेब पट्टी घेऊन लोकांची नाकं मोजत फिरत होता, नाकावरून जात आणि वंश ठरवायला.

मग फरक काय राहिला? फरक बाबासाहेबांनी दाखवला. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकं मोजणाऱ्यांचीच मापं घेतली आणि त्यावरूनच सिद्ध केलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. चुकीच्या विज्ञानाला आकड्यानं पाडता येतं. हंटरचा वंशांचा जिना नंतरच्या संशोधकांनी पाडला, पुरावा घेऊन पाडला. हामचा शाप कुठल्या मापानं पाडणार? त्याला पाडायची सोयच नाही. ताईला मी लिहिलं, पुस्तकात चूक आहे की नाही एवढंच बघू नकोस. चूक सापडली तर ती दुरुस्त करायची वाट त्या पुस्तकात आहे का ते बघ.

केन हॅम म्हणून एक गृहस्थ आहेत, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९९४ पासून त्यांची संस्था, २००७ ला केंटकीत निर्मितीचं म्युझियम, २०१६ ला तिथंच नोहाची लाकडी नौका, पूर्ण आकाराची, तिकीट लावून. हे पोरांना एक प्रश्न शिकवतात. मास्तर म्हणाला पृथ्वी कोट्यवधी वर्षं जुनी, तर विचारायचं: तुम्ही तिथं होतात का?

प्रश्न ऐकून मला आपला देश आठवला. २०१८ च्या जानेवारीत, त्या वेळच्या औरंगाबादेत, केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की आपल्या पूर्वजांपैकी कुणीही माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं सांगितलं नाही, लिहिलं नाही, तेव्हा डार्विन चूक आहे आणि अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे. हॅम साहेबांचाच प्रश्न, भगव्या कव्हरात. आणि हा माणूस मुंबईचा पोलीस कमिशनर होता! डोळ्यांनी बघणारा साक्षीदार नसेल तर खून झालाच नाही असं म्हणणारा कमिशनर. मग पंचनामा कशाला करता? बोटांचे ठसे, रक्ताचे डाग कशाला गोळा करता? गोदीतला साधा टॅली क्लार्क सुद्धा पेटीचा चेंबलेला कोपरा बघून सांगतो की समुद्रात माल सरकला होता. तो काय जहाजावर होता?

खडकाचं तसंच आहे. पृथ्वीचं वय क्लेअर पॅटरसन नावाच्या अमेरिकन माणसानं १९५६ साली नक्की केलं, उल्कांमधलं शिसं मोजून. युरेनियम ठरलेल्या गतीनं झिजत झिजत शिसं होतं. युरेनियमच्या एका जातीचा अर्धा साठा झिजायला ४४७ कोटी वर्षं लागतात. झिजून किती शिसं झालं ते मोजा, काळ निघतो. उत्तर आलं ४५५ कोटी वर्षं, आज ४५४ म्हणतात. आता पुढचं ऐका, कारण हे आपल्या पोटाचं आहे. मोजताना पॅटरसनच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेत, हवेत, जिथं तिथं शिसं मिसळतंय. शोधलं तर ते येत होतं मोटारींच्या पेट्रोलमधून. मग हा माणूस तेल कंपन्यांच्या विरोधात उभा राहिला, १९६५ साली जाहीर लिहिलं. वर्षानुवर्षं झगडा चालला. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ ला पूर्ण बंद झालं, आपल्याकडं २०००ला. शिसं पोरांच्या मेंदूत जातं. आणि रस्त्याच्या कडेला झोपडी कुणाची असते? बंगलेवाल्याची?

म्हंजे बघा, पृथ्वीचं वय सांगणारी मोजणी आणि आपल्या पोरांच्या रक्तातलं शिसं पकडणारी मोजणी, एकाच हाताची. तुम्ही म्हणाल वयाचा धडा तेवढा गाळतो, बाकी विज्ञान ठेवतो. तो धागा ओढला की सगळं कापड उसवतं. टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. ही निवड आपल्या चाळीच्या खोलीत चाललेली आहे. या ख्रिस्ती पुस्तकांतले हुशार लेखक एवढं मान्य करतात, पण म्हणतात की बदल आपल्या 'जाती'च्या कुंपणात होतो, कुंपण ओलांडत नाही. जातीच्या कुंपणावर विश्वास ठेवणारे लोक जगात सगळीकडं आहेत तर!

प्रलयाचा निकाल लावायला मला अमेरिकेत जायची गरज पडली नाही. वरळी पुरली. वरळी आपल्याला माहीत १९७४ च्या दंगलीमुळं, बीडीडी चाळींमुळं. पण त्याच वरळीच्या जमिनीत, दोन लाव्हाच्या थरांच्या मधे एक गाळाचा थर सापडला, आणि त्यात बेडकांचे जीवाश्म. छोटे छोटे बेडूक, दगड झालेले. १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेननं त्यांचं वर्णन छापलं. आपला सगळा सह्याद्री, कार्ल्याची आणि कान्हेरीची लेणी ज्यात खोदली तो काळा पाषाण, असाच थरावर थर साचलेला लाव्हा आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा आला, थंड झाला. त्यावर पाणी साचलं, तळं झालं, गाळ बसला. त्यात बेडूक जन्मले, टर्रटर्र केली, मेले. मग पुन्हा वरून लाव्हा. हे एका वर्षाच्या प्रलयात कसं बसवणार? लाव्हा आणि पूर एकदम चालू असताना बेडूक संसार कधी करत होते? गंमत म्हंजे हा ओवेन पुढं डार्विनचा कट्टर विरोधक झाला. पण बेडूक काही पक्ष बदलायला तयार नाही. आणि ज्या सुमाराला प्रलय झाला म्हणतात, त्या सुमाराला सिंधूच्या खोऱ्यात माणसं पक्क्या विटांची गटारं बांधत होती. ती बुडाली नाहीत. गटारं अजून दिसतात.

आता त्या आयांविषयी. त्यांना मूर्ख म्हणून सोडून देणं सोपं आहे, मी ते करणार नाही. पोरगं आपल्यापासून तुटेल, आपला देव, आपली भाषा, आपलं घर त्याला परकं वाटेल, ही भीती खरी आहे. आपल्या लोकांना ती नाही का? शिवाय विश्वास ठेवणारे सगळेच आंधळे नसतात. मेंडेल मठातला साधू होता, १८६६ साली वाटाण्यांवरचं काम त्यानंच छापलं. विश्व पसरतंय हे मांडणारा लमेत्र कॅथलिक पाद्री. डोव्हरच्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूनं साक्ष देणारा केनेथ मिलर चर्चला जाणारा कॅथलिक, आणि शाळेतलं जीवशास्त्राचं पुस्तक त्याचंच. मानवी जनुकांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाचा प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स, कट्टर श्रद्धाळू. त्यानं २००७ साली बायोलोगोस म्हणून संस्था काढली, ती ख्रिस्ती शिक्षकांना आणि घरी शिकवणाऱ्या आईबापांना उत्क्रांती मान्य करून कसं शिकवायचं त्याचे पाठ देते. म्हंजे त्या आयांना वाट आहे. देव सोडा मगच विज्ञान मिळेल अशी अट कुणी घातलेली नाही.

काळ्या घरांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० साली, महामारीत, अमेरिकेच्या जनगणना खात्यानं पाहणी केली. वसंतात काळ्या घरांपैकी ३.३ टक्के घरं पोरांना घरी शिकवत होती, शरदात १६.१ टक्के. काही महिन्यांत जवळपास पाचपट! शाळा बंद होत्या हे खरं. पण शाळेतल्या अपमानापासून पोर वाचलं, असंही त्यांतल्या पुष्कळ आयांनी सांगितलंय. ब्लॅक पँथरनं ओकलंडमध्ये १९७३ ते १९८२ स्वतःची शाळा चालवली, ती याच कळकळीनं. म्हणून ताईनं पोरीला शाळेतून काढलं याचा मला राग नाही. ती पळून गेलेली नाही, पोरीला घेऊन बाहेर पडलेय. पण बाहेर पडून कुठल्या दारात शिरतेय, ते बघायला नको?

दाराच्या पलीकडं काय होतं त्याचा एक खटला आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठानं, अबेका आणि बॉब जोन्सच्या पुस्तकांवरून शिकवलेले जीवशास्त्राचे अभ्यासक्रम प्रवेशासाठी धरायचे नाकारले. ख्रिस्ती शाळांनी २००५ साली दावा लावला. २००८ ला विद्यापीठ जिंकलं, २०१० ला अपिलातही टिकलं. नुकसान कुणाचं झालं? प्रकाशकाचं नाही. कोर्टात नाव होतं शाळांचं, आणि अडकलं होतं सतरा वर्षांचं पोरगं, ज्यानं इमानेइतबारे दिलेली पानं वाचली होती.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ताई, ते पुस्तक घेऊ नकोस. त्या बायांशी भांडू पण नकोस, गणित त्यांच्याकडं बसून शिकव. विज्ञान घरी घे. धर्माचा संबंध नसलेली घरी शिकवायची विज्ञानाची पुस्तकं तिकडं मिळतात. कुठलंही पुस्तक घेताना पृथ्वीचं वय, जीवाश्म आणि माणूस, ही पानं आधी उघड. तिथं नुसता आकडा असेल तर तेही पुस्तक ठेवून दे, मग ते चर्चचं नसलं तरी. 'हे कसं कळलं' ते लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाशी मी जास्त दिवस अडलो. धम्मावर आधारलेलं विज्ञानाचं पुस्तक. मित्रहो, हे तुम्हाला आवडणार नाही. असं पुस्तक मी पाठवणार नाही, आणि कुणी लिहायला घेतलं तर मी त्याच्या विरोधात लिहीन. आपल्यातही हल्ली सुरू झालंय: अणू बुद्धानं आधीच सांगितला, आइन्स्टाईननं धम्मातून उचललं, उत्क्रांती तर आपल्याकडं होतीच. वेदात विमान शोधणाऱ्यांची आपण टिंगल करतो ना? मग हे काय आहे? कालामांना बुद्धानं काय सांगितलं, ते पाठ म्हणणारे इथं पन्नास जण आहेत. ग्रंथात आहे म्हणून मानू नका. त्यात बुद्धाचा ग्रंथ सोडून, असं कुठं म्हटलंय? जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आणि आत केलं काय? ब्रह्मदेवाच्या जन्मकथेला साधे प्रश्न विचारले. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. आपण मुलांना धोंडीबा करायचं की पाठांतर करणारा बटू, हे आपणच ठरवायचं आहे.

(इथं सभेत एक ज्येष्ठ बंधू उठून म्हणाले की, अशानं मुलं विहारात येणार नाहीत. मी म्हणालो, येऊ द्या, आणि विहारात येऊन विचारू द्या.)

शेवटी घरचं. २०२२ साली पोरांवरचा बोजा कमी करायचा म्हणून एनसीईआरटीनं धडे गाळले, आणि २०२३ साली छापून आलेल्या पुस्तकात दहावीचा उत्क्रांतीचा भाग नव्हता. धड्याचं नाव होतं 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती', उरलं नुसतं 'आनुवंशिकता'. बाप दिला, पूर्वज काढले. १,८०० च्या वर शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग ठेवलाय म्हणतात. पण दहावीनंतर किती पोरं जीवशास्त्र घेतात? आपली किती? माझ्या शाळेत तर मास्तरांनी तो धडा पुस्तकात असूनही सोडला होता, परीक्षेला नाही म्हणून. तिकडं आई स्वतःच्या पैशानं पान नसलेलं पुस्तक आणते, इकडं सरकार पान फाडून देतं.

आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. मराठीत. त्याच्या प्रती काढल्यात, एक प्रत ताईला पाठवली. पोरगी अजून लहान आहे, पण ताईनं स्वतः वाचावा म्हणून. बाकीच्या पंधरा प्रती या टेबलावर आहेत. दर रविवारी सकाळी दहा वाजता इथंच वाचू. दहावीतली पोरं पुढं बसतील, आपण मागं. वरळीचा नाही, पण घाटातून आणलेला काळा पाषाण आहे माझ्याकडं, तो फोडून बघू. हातोडी कुणाची तरी आणा, गोदीतली बाहेर काढता येत नाही.

आता प्रश्न विचारा. मला रात्रपाळी आहे, साडेनऊला निघेन.